आवतन दिलेली गुळवेल

गुळवेल आणायची ती फाल्गुनात. पानं झडून वेल निंबावर नुसती दोरासारखी लोंबत असते, तेव्हा तिच्या अंगातलं सत्त्व खोडात उतरलेलं असतं. पालवी फुटली की ते वर चढतं, मग कितीही कुटा, भांड्याच्या तळाला काही बसत नाही. हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवलं नाही. चौथीच्या पुढे मी शाळा पाहिली नाही आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. वेल माझ्या बापाने दाखवली, चाखायला लावली, आणि थुंकलो तेव्हा पाठीत रट्टा दिला.

नेण्याची रीतही त्याचीच. आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत झाडापाशी जायचं. चप्पल लांब काढायची. वेलीला हळद-कुंकू, तांदळाचे चार दाणे, गुळाचा खडा. मग हात जोडून सांगायचं, की अमक्या माणसाच्या अमक्या दुखण्यासाठी उद्या सकाळी न्यायला येतो, संगं चाल. याला आम्ही आवतन देणं म्हणतो, जेवायला बोलावतात तसंच. दुसऱ्या दिवशी उठल्यापासून तोंड बंद. ज्याने आवतन दिलं त्यानेच कापायची आणि घराच्या उंबऱ्यावर ठेवेपर्यंत कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. मधे बोललं की गुण गेला. लहानपणी मी बापाला विचारलं होतं, वेलीले काय समजते बा, तिले कायले सांगायचं? तो म्हणाला, "न सांगता नेलं तं चोरी झाली. चोरीच्या दवाईनं कोणी बरं होत नाही."

मी ते धरून बसलो. सगळा जन्म नरखेड तालुक्यात संत्र्याच्या बागांत गेला. काम डोळे भरायचं, म्हणजे कलमं बांधायचं. जंबेरी लिंबाच्या खुंटाला चीर पाडायची, त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. हात हलका लागतो. माझा डोळा सहसा मरत नसे, म्हणून लांबलांबच्या गावचे बागवाले मोटारसायकलवर न्यायला येत. शिकलेली माणसं माझ्यासमोर उकिडवी बसून पाहत, आणि मी मुद्दाम हळू बांधत असे. तो गर्व होता, नाही कशाला म्हणू.

आता नागपुरात मुलाकडे राहतो, मनीषनगरला, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा आणि सून दोघंही सकाळी नऊला निघतात. मग घरात मी आणि माझी बायको. करण्यासारखं काही नसतं. गॅलरीत दोन खुर्च्या आहेत, त्यांच्यावर बसतो आणि समोरच्या बिल्डिंगीत कोण काय वाळत घालतं ते पाहतो. माणूस काम करून थकतो हे मला माहीत होतं. न करताही इतका थकतो हे इथे आल्यावर कळलं.

मागच्या पावसाळ्यात बायकोला चिकनगुन्या झाला. ताप आठ दिवसांत गेला, सांधे धरले ते धरलेच. सकाळी तिच्या हाताची मूठ वळत नाही. कणकेचा उंडा दाबता येत नाही, लुगड्याची गाठ मारता येत नाही, दाराची कडी ती कोपराने सरकवते. डॉक्टरच्या गोळ्यांनी दुखणं कमी होई, पण पोटात आग पडे, म्हणून डॉक्टरनेच त्या कमी केल्या. सुनेने दुकानातून गिलोयच्या, म्हणजे गुळवेलीच्याच, रसाची बाटली आणली. बायकोने एक झाकण घेतलं आणि म्हणाली, हे तं गोड लागते. बाटली तेव्हापासून फ्रिजच्या दारात उभी आहे. ती फाल्गुनातल्या वेलीची वाट पाहत होती ते मला समजत होतं.

अडचण मुलाची होती. मागच्या साली वेल आणताना नाल्याच्या उतारावर माझा पाय घसरला होता आणि एका अनोळखी पोराने मला स्कूटरवर बसवून घरी आणलं होतं. मुलाने तेव्हाच बजावलं होतं, पुन्हा जायचं नाही. यंदा आईची बोटं पाहून म्हणाला, "बाबा, एक वेळ जा. पण यंदा काही झालं, तं पुढं हा विषय बंद. मले ऑफिसात फोन यायला नको." माझ्या पोराने मला अट घालावी, आणि मी ती मान खाली घालून ऐकावी, असे दिवस आले. ऐकली. बायकोच्या बोटांसाठी ऐकली.

इथे आलो तेव्हा जवळपास वेलीचे तीन निंब होते. दोन प्लॉटांत गेले. एक राहिला आहे, एका अर्धवट बिल्डिंगीच्या बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर. घरून वीस मिनिटांची वाट, मला पाऊण तास लागला. मधे दोन वेळा बसलो, एकदा पुलाच्या कठड्यावर आणि एकदा बंद दुकानाच्या पायरीवर. निंबाखाली पिवळ्या पानांचा खच पडला होता. वेल चांगली अंगठ्याएवढी जाड, फांदीवरून दोन-तीन पदरांनी खाली लोंबलेली. आवतन दिलं. बायकोचं नाव घेऊन सांगितलं, बोटांसाठी नेतो. आजूबाजूला कोणी नव्हतं. परत आलो आणि न जेवता झोपलो, इतका जीव दमला होता.

सकाळी लिफ्टने उतरलो नाही. लिफ्टमध्ये कोणी ना कोणी भेटतं आणि गुड मॉर्निंग म्हणतं. जिना उतरलो, गुडघा धरून, एकेक पायरी. खाली दूधवाल्याने हाक मारली, त्याला हात जोडले. झाडापाशी गेलो, चप्पल काढली. माझा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही, म्हणून जिथवर पोचला तिथवर एक पदर कापला. बुंध्याकडची सोडून दिली, ती तशी सोडावीच लागते. पाच-सहा हात वेल निघाली. तिचं वेटोळं करून खांद्याला अडकवलं आणि तिथल्याच विटांच्या ढिगावर टेकलो. एवढ्याशा कामाने छाती भात्यासारखी चालली होती.

तेवढ्यात अर्धवट बिल्डिंगीतून चौकीदार आला. चाळिशीचा माणूस, मध्य प्रदेशाकडचा, डोक्याला मफलर. त्याने आधी नीट विचारलं, बाबा कहाँ से आए हो, यहाँ क्या कर रहे हो. मी तोंडावर बोट ठेवलं. त्याने पुन्हा विचारलं. मी झाडाकडे हात केला, वेलीकडे केला, घराच्या दिशेने केला. त्याला काय कळणार? त्याची नजर माझ्या खांद्यावरच्या वेटोळ्यावर गेली. पान नसलेली, मातकट सालीची, जाड वेल. लांबून ती वायरच्या गुंडाळीसारखी दिसते हे मला त्या दिवसाआधी कधी सुचलं नव्हतं. त्या बिल्डिंगीतून आठवड्याआधी वायरचं बंडल गेलं होतं आणि त्याचा ठपका त्याच्यावर आला होता, हेही मला मागून कळलं.

"केबल है ना ये?" तो म्हणाला. "मालिक से पूछा था?"

मी पुन्हा झाडाकडे हात केला.

"उम्र देखो और काम देखो. चोर कहीं के."

नुसतं नख लावून साल खरवडली असती तर आतला हिरवा रंग त्याला दिसला असता. एक शब्द बोलायची गरज नव्हती. डोळे भरताना हजारो साली मी सोलल्या, पण त्या वेळी बोटांना ते आठवलं नाही. मी उभा राहिलो आणि ओरडलो.

"चोर कोणाले म्हणते रे? चाळीस वर्षं लोकाच्या बागा माह्या भरोशावर होत्या. एक संत्र खिशात घालून घरी नेलं नाही. आवतन देऊन नेऊन राहिलो मी ही वेल."

तो दचकला. मुका माणूस एकदम बोलला म्हणून असेल. "किसको दिया आवतन?"

"झाडाले."

"पेड़ मालिक है क्या प्लॉट का?"

तो जवळ आला, त्यानेच वेलीला नख लावलं, आणि त्याचा चेहरा बदलला. "अरे, ये तो गिलोय है. हमारी अम्मा भी काढ़ा बनाती है. पहले बोल देते ना बाबा, मुँह में क्या था?"

मग त्याला फार ओशाळल्यासारखं झालं. चहा घ्या म्हणून मागे लागला. मी घेतला नाही. वेल उचलली आणि निघालो.

घरी जायला त्या दिवशी तासाच्या वर लागला. पुलाच्या कठड्यावर बसून मी विचार केला. माझं बोलणं ऐकणारा एकच माणूस, त्याला माझं घर माहीत नाही. सांगितलं नाही तर कोणाला कळणार? पुन्हा इथवर येण्याची ताकद अंगात नव्हती, खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. पण बायको दरसाली दारातच एक प्रश्न विचारते, आणि मी दरसाली मान ताठ ठेवून त्याचं उत्तर देतो.

तिने दार उघडलं. वेल पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "बोल्ले तं नाही नं जी कोणासंगं?"

"बोल्लो," मी म्हणालो. "चौकीदारासंगं."

"काहून? पडले होते का?"

"नाही. चोर म्हणे मले."

ती वेलीकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल की जाऊ द्या, कुटून टाका. मी तेवढ्याचीच वाट पाहत होतो. ती म्हणाली, "मंग हे मले नोका देऊ."

माझं डोकं फिरलं. लग्न होऊन आली तेव्हा याच आवतनाला पदर तोंडाशी धरून हसणारी ही बाई. म्हणालो, अवं, वेल तेच, झाड तेच, कडू तं तेवढीच लागंल. त्यावर तिने मला सुनावलं. "कडूच पायजे असतं तं मी निंबाचा पाला नसता चावला? इतके साल सगळ्याईले सांगत आले, बोल्लं की गुण जाते. आता माह्या वक्ताले राहते का गुण?"

मुलगा टाय बांधता बांधता ऐकत होता. त्याने आईला समजावलं, की या गोष्टींनी काही फरक पडत नसतो, घेऊन टाक. तिने मान हलवली. मग तो माझ्याकडे वळला आणि अटीची आठवण करून दिली. चोर म्हणून पकडलं, म्हणजे काही झालंच की. तो दिवस मी गॅलरीत काढला. वेल तिथेच खिळ्याला टांगली होती. टाकवत नव्हती.

दोन-तीन दिवस घरात हा विषय निघाला नाही. समोरच्या रस्त्याकडेच्या निंबाला तांबूस पालवी दिसायला लागली होती. आठवडाभरात वेलीलाही डोळे फुटले असते, आणि मग वर्षभर काही नाही. हे मी बायकोला सांगितलं नाही. पण बागेतल्या माणसाची बायको ती, झाडं तिलाही दिसतात. शनिवारी जेवताना ती मुलाला म्हणाली, "मी जाते यांच्यासंगं. यांचं तोंड आवरत नाही, आवतन मीच देते."

"मग दोघंही पडा," मुलगा म्हणाला, पण पुढे अडवलं नाही. आईला तो अडवू शकत नाही, मला अडवतो.

रविवारी संध्याकाळी गेलो. माझी चाल मंद, तिची माझ्याहून मंद. तिथे पोचल्यावर ती झाडाकडे गेलीच नाही, आधी सरळ चौकीदाराकडे गेली. तिच्या हिंदीत तिने त्याला सांगितलं, "भैया, कल सुबह हम दोनों आएंगे, उस निंब पर का बेल लेने को. हम लोक बोलेंगे नहीं, तो तुम भी मत बोलना." मी तोंड फिरवून उभा राहिलो. तो म्हणाला, ठीक है माताजी, मालिक को मैं बता दूँगा. आणि माझ्याकडे पाहून हसला असावा. मी पाहिलं नाही. इतक्या वर्षांत झाडाला विचारलं, जमीन कोणाची हे मी कधी विचारलं नव्हतं. बापाच्या वेळी ते जंगल होतं.

मग तिने हळद-कुंकू लावलं. तांदळाचे दाणे बोटांतून निसटत होते, म्हणून तळहातावर घेऊन वेलीच्या बुडाशी सांडले. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं जिन्याने उतरलो. ती कठडा मनगटाने धरून, मी गुडघा धरून. खालच्या मजल्यावरच्या बाईने विचारलं, काका-काकू, इतक्या सकाळी? आम्ही दोघांनीही नुसते हात जोडले आणि पुढे गेलो. तिने संध्याकाळी सुनेला विचारलं म्हणे, तुमच्याकडे म्हाताऱ्यांचं भांडण झालं काय.

झाडापाशी आल्यावर माझ्या ध्यानात आलं की आवतन हिने दिलं आहे, म्हणजे कापायचीही हिनेच. तिला हे आदल्या दिवशीपासून ठाऊक असणार. तिने हात पुढे केला आणि मी माझा डोळे भरायचा चाकू तिच्या हातात दिला. मूठ मिटेना. चाकू खाली पडला. तिने वाकून उचलला, पुन्हा पडला. मग तिने तो दोन्ही तळहातांमध्ये धरला, आपण नमस्कार करतो तसा, आणि पातं वेलीवर टेकवून अंगाचा भार टाकायला लागली. जराशी चीर पडली की थांबे, श्वास घेई, पुन्हा भार टाकी. मी हातभरावर उभा. एका झटक्यात मी ती वेल तोडली असती. दे इकडे, एवढे दोन शब्द माझ्या दातांपर्यंत आले. गेल्या आठवड्यात एका परक्या माणसासाठी मी ओरडलो होतो, आणि आज बायकोसाठी मला गप्प राहायचं होतं. ओठ दाबून धरले. चौकीदार बाहेर येऊन उभा होता. त्याने एकदा पाहिलं आणि पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं.

पहिला तुकडा पडला तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. कापल्या जागेतून पाणी तिच्या मनगटावर ओघळलं. तिने ते चाटून पाहिलं आणि तोंड असं वाकडं केलं की कडूपणाची माझी खात्री पटली. हातभर वेल होती. मी मानेने म्हटलं, पुरे. तिने मान हलवली आणि दुसरा तुकडा घ्यायला लागली.

परतताना कुठे किती बसलो ते मोजलं नाही. दोन तुकडे तिने छातीशी धरले होते, मला दिले नाहीत. वर चढायला लिफ्टच घ्यावी लागली. नशिबाने आत कोणी नव्हतं. दारातल्या फरशीवर तिने वेल ठेवली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "आता कुटा. तेवढं तुमचं."

कुटली. गॅलरीत खलबत्ता घेऊन, साल काढून, तीन वेळा थांबून. हात भरून येत होते. रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी हाताने चोळली, फडक्यातून गाळली आणि पाणी पातेल्यात निवळायला ठेवलं. वरचं पाणी ओतलं तेव्हा तळाला पांढरा पापुद्रा होता. दोन हात वेलीचं निघणार किती? उन्हात वाळवून खरवडलं तर आठ-दहा दिवस पुरेल एवढं. मुलाने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि ऑफिसला निघाला.

ती सकाळी उठून खडीसाखरेबरोबर चिमूटभर घेते, तोंड वाकडं करते, आणि मूठ वळून पाहते. काल म्हणाली, हे अंगठ्याजवळचं बोट थोडं वळून राहिलं, पाहा बरं. मी चष्मा लावून पाहिलं. मला काही फरक दिसला नाही.

"हो," मी म्हणालो. "वळते."